दहावे मांजर



२०२४ च्या ऑक्टोबरमधील पहिल्या रविवारी आपल्या चर्चच्या आवारात प्राण्यांना आशीर्वाद देण्याचा छोटा कार्यक्रम झाला होता, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण ४ ऑक्टोबरला येतो, त्याला धरून तो ठेवला होता. मुलांनी कुत्री आणली, कोंबड्या आणल्या, एकाने काचेच्या बरणीत मासा आणला. आम्ही त्या दिवशी प्रवचनात सृष्टीविषयी बरेच बोललो. मुक्या जिवासाठी आपले दार उघडे असावे, असेही बोलून गेलो.

सोमवारी पहाटे मिस्सेसाठी चर्च उघडायला आलेल्या सेवकाला फाटकाशी बुटांचा एक खोका मिळाला. आत मांजराची चार पिल्ले होती. डोळे नुकते कुठे उघडलेले. खोक्यावर चिठ्ठी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. आमचे प्रवचन कोणीतरी आमच्याच दारात आणून ठेवले होते.

धर्मग्रामात अशा वेळी कोणाला फोन करायचा हे आम्हाला ठाऊक होते. आपल्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. तिसऱ्या मजल्यावरील एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बाई एकट्या राहतात. एकट्या म्हणजे नऊ मांजरांसह. त्यातील सात त्यांची स्वतःची, आणि दोन प्राण्यांच्या एका निवाऱ्याकडून तात्पुरती सांभाळायला आलेली. निवाऱ्यात जागा नसते, पिल्ले आजारी पडतात, माणसांची सवय लागत नाही. म्हणून काही माणसे ती आपल्या घरी ठेवतात, वाढवतात, आणि कायमचे घर मिळाले की देऊन टाकतात. याला 'फॉस्टर' करणे म्हणतात. आमच्या फोनपर्यंत बाईंनी अशी तीसेक मांजरे वाढवून दिली होती.

आम्ही फोनवर सगळे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "फादर, माझ्याकडे नाही ठेवता येणार."

आम्हाला हे उत्तर अपेक्षित नव्हते. खरे सांगायचे तर आम्ही थोडे दुखावलो. जिथे नऊ आहेत तिथे चार मूठभर पिल्लांचा असा काय भार, असे मनात आले. फोन ठेवताना 'देव पाहून घेईल' असे काहीतरी आम्ही बोललो. असे वाक्य धर्मगुरूच्या तोंडून आले की त्याला आशीर्वादाचा वास येतो, पण तो राग होता.

मग पिल्ले आमच्याच निवासात राहिली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी गाईच्या दुधात पाणी घातले, आम्ही ड्रॉपर आणला, आणि माणसाच्या बाळाला पाजावे तसे एकेकाला उताणे धरून पाजले. दूध प्यायली म्हणून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात तीन पिल्ले एकमेकांवर होती आणि चौथे कोपऱ्यात थंड पडले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी आमच्या चुका शांतपणे ऐकून घेतल्या. गाईचे दूध मांजराच्या पिल्लांना पचत नाही. उताणे पाजले तर दूध फुप्फुसात जाते. या वयात पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही, आणि थंड पडलेल्या पिल्लाला पाजणे हेच घातक असते, आधी ऊब द्यावी लागते. पहिले तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्यांना लघवी होते, म्हणून आई नसेल तर ओल्या कापसाने तसे करावे लागते. यांपैकी एकही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. चौथे नेमके कशाने गेले ते सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही त्याला मागच्या अंगणात नारळाखाली पुरले.

त्या संध्याकाळी बाई आल्या. मावशींनी त्यांना कळवले होते. पिशवीतून त्यांनी एक जुना गाऊन काढला, अंगातल्या कपड्यांवरून चढवला, हात धुतले आणि पिल्लांपाशी बसल्या. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली. पिल्लांसाठी मिळते ती वेगळी दूधपावडर त्या घेऊनच आल्या होत्या. पिल्लू पोटावर ठेवून, मान किंचित वर करून कसे पाजायचे ते दाखवले. स्वयंपाकघरातील वजनकाटा मागून घेतला. रोज दहा ते पंधरा ग्रॅम वाढ व्हायला हवी, म्हणाल्या, न वाढले तर मला फोन करा, रात्री दोन वाजले तरी करा. जाताना गाऊन आमच्याकडेच ठेवला. पुढचे तीन आठवडे त्या रोज संध्याकाळी आल्या.

आम्ही न राहवून म्हणालो, बाई, तुम्ही पहिल्या दिवशी आला असता तर? यात तक्रार होती, हे त्यांनी ओळखले.

"फादर, तुम्ही विचारलंत ते 'ठेवून घेता का' एवढंच. त्याला मी नाही म्हटलं. 'दाखवता का' असं विचारलं असतंत तर लगेच आले असते. आणि मीही ते आपणहून म्हणायला हवं होतं, तेही खरंच."

चौथ्या पिल्लाचे ओझे असे त्यांनी दोघांत वाटून घेतले. आमच्या हिश्श्याला अर्थातच मोठा भाग येतो.

नंतर एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो. निमित्त वेगळे होते. सोसायटीतील दोन कुटुंबांची तक्रार होती, आणि फादरांनी बाईंना समजवावे अशी त्यांची इच्छा होती. दारात पाऊल टाकताना आम्ही वासाची तयारी ठेवली होती. वास आला तो फिनेलचा आणि सुक्या मासळीचा. प्रत्येक खिडकीला जाळी होती. मांजर उंचावरून पडले तरी पायावर उतरते हे बोलायला ठीक आहे, तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या मांजराचा जबडा आणि पाय मोडलेले बाईंनी पाहिले होते. भिंतींवर जुन्या कपाटाच्या फळ्या पायऱ्यांसारख्या लावलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यात खोके, प्रत्येकाची खाण्याची वाटी वेगळी आणि दूर. एक म्हातारा बोका फ्रिजवर बसून आमच्याकडे महागुरुस्वामींच्या नजरेने पाहत होता. त्याचे नाव बोंबील.

आणि एक वही होती. प्रत्येक मांजराला दोन पाने. लस कधी दिली, जंताचे औषध कधी, नसबंदी कधी, वजन किती, कोणाचे कोणाशी पटत नाही. त्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्हाला आमच्या फोनचे उत्तर सापडले. तिथे ट्रेंचा हिशेब होता. बंद घरात जितकी मांजरे, त्याहून एक जास्त इतके मातीचे ट्रे असावेत, असा नियम आहे. नऊ मांजरांना दहा. बाईंच्या घरात आठच मावत होते. "दोनने मी आधीच कर्जात आहे, फादर," त्या म्हणाल्या.

दुसरे कारण अधिक गंभीर होते. मांजरांना पॅनल्यूकोपेनिया नावाचा रोग होतो. विष्ठेतून, कपड्यांतून, चपलांतूनही तो पसरतो. त्याचा विषाणू घरात कित्येक महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो, आणि लस न घेतलेली पिल्ले त्यात बहुधा वाचत नाहीत. म्हणून नवीन आलेले जनावर निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचे असते. बाईंच्या घरात वेगळी खोली म्हणजे न्हाणीघर, आणि त्या सोमवारी तिथे निवाऱ्याकडून आदल्याच आठवड्यात आलेली मांजरी होती. बाहेरच्या खोलीत तीन महिन्यांचे एक पिल्लू होते, त्याचा लसींचा क्रम पुरा झालेला नव्हता. आमच्या खोक्यातून काय आले असते ते कोणालाच ठाऊक नव्हते. जुन्या गाऊनचे कोडे आम्हाला तेव्हा उलगडले.

इथे आमच्या मनात तो प्रश्न उभा राहिला, ज्यासाठी हा लेख लिहीत आहोत. गरज समोर आहे, तिच्याविषयी कळवळा आहे, ती भागवण्याचे कसब आहे, आणि तरीही माणूस 'नाही' म्हणतो. हे कधी योग्य असते? आणि ते योग्य असेल, तर त्यापायी जो जीव जातो त्याचे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही प्राण्यांविषयी जे वाचले ते वेगळ्या प्रश्नाभोवती फिरत होते. देकार्तने जनावरांना यंत्रासारखे मानले. कांट म्हणाला की, आपली कर्तव्ये माणसांप्रती असतात, पण जो जनावराशी क्रूर होतो तो माणसांशीही कठोर होत जातो, म्हणून दया शिकावी. हे त्याच्या पाचशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनीही वेगळ्या शब्दांत सांगितले होते. बेंथॅमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका तळटीपेत सगळा रोख फिरवला: जनावराला बुद्धी वा वाचा आहे का हे विचारू नका, त्याला वेदना होतात का ते विचारा. या सर्वांचा प्रश्न एकच, की मुक्या प्राण्याचे आपण काही देणे लागतो का? बाईंच्या घरात हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. देणे लागतो, हे मान्य. पण किती?

१९७२ साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने एक उदाहरण मांडले, ते पुढे फार गाजले. उथळ तळ्यात मूल बुडते आहे, तुम्ही जवळून जात आहात, कपडे चिखलाने भरतील एवढेच नुकसान. मग उतरायलाच हवे. तितक्याच मोलाचे काही गमवावे लागणार नसेल तर वाईट टाळणे हे आपले कर्तव्यच, असे त्याचे म्हणणे. मूल बुडताना कपड्यांचा विचार करणारा माणूस आपल्याला नीच वाटतो, आणि तसे वाटणे बरोबर आहे. पण तळे एकच नसते. एकाला काढून आणावे तोवर दुसऱ्या तळ्याचा फोन येतो. मांजरांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे, कारण मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. सिंगरच्या त्या वाक्यातील अट मात्र नीट पाहावी: तितक्याच मोलाचे काही गमवावे लागणार नसेल तर. बाईंच्या घरी तितकेच मोलाचे जे होते ते फळ्यांवर आणि फ्रिजवर बसलेले होते. आम्ही फोनवर चार पिल्ले मोजली, बाईंनी तेरा मांजरे मोजली.

नैतिक धर्मशास्त्रात एक जुना भेद शिकवतात. परीक्षेपुरता पाठ केलेला हा भेद आम्हाला वीस वर्षांनी उपयोगी पडला. निषेधाच्या आज्ञा प्रत्येक क्षणी बांधतात. विधायक आज्ञाही कायमच्या असतात, पण प्रत्येक क्षणी कृतीत उतरवता येत नाहीत. त्यांना जागा, वेळ, शक्ती लागते. 'मारू नकोस' हे मी झोपलेला असतानाही पाळत असतो. 'भुकेल्याला वाढ' हे झोपेत पाळता येत नाही. खोक्यात पिल्ले घालून दारात ठेवणाऱ्याने पहिल्या प्रकारची आज्ञा मोडली. जनावर उपाशी तडफडेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. (तो माणूस आदल्या दिवशी आमच्या प्रवचनाला पुढच्या बाकावर असण्याची शक्यता आम्ही नाकारत नाही.) बाईंनी दुसऱ्या प्रकारची आज्ञा त्या दिवशी, त्या घरात, त्या रीतीने पाळता येत नाही असे म्हटले. दोघांनीही पिल्ले घरात घेतली नाहीत, म्हणून दोघांना एकाच तराजूत घालता येत नाही. आम्ही मात्र तीन दिवस तेच केले.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. 'नाही' कधीच न म्हणणारी माणसेही असतात. एक मांजर, मग चार, मग वीस. दारातून काहीच परत जात नाही आणि आतले काहीच बाहेर जात नाही. खाणे अपुरे पडते, आजार पसरतो, आणि सर्वांत भयंकर म्हणजे मालकाला ते दिसेनासे होते. त्याला आपण जीव वाचवतो आहोत असेच वाटत राहते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानग्रंथात वस्तू साठवण्याच्या विकाराच्या विवेचनात प्राण्यांच्या साठवणुकीचाही उल्लेख आहे. हे वाचून आम्ही थबकलो. माया आणि साठवण बाहेरून इतक्या सारख्या दिसू शकतात तर! बाईंना आम्ही विचारले, तुम्हाला याची भीती वाटत नाही? त्या म्हणाल्या, "वाटते ना. म्हणून तर वही आहे."

सोसायटीतील तक्रारींकडे वळू. आवाजाची तक्रार खोटी ठरली, वासाची दोन ट्रे हलवल्यावर मिटली. तिसरी तक्रार मात्र तत्त्वाची होती: "फादर, इथे माणसांना औषधाला पैसे नाहीत आणि ह्या मांजरांना लसी देतात!" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांच्या दैन्यासाठी आधी खर्च व्हायला हवे ते प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. प्राण्यांवर माया करावी, पण माणसाचा वाटा त्यांना देऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस ५ जानेवारी २०२२ रोजी मुले होऊ न देता कुत्री-मांजरी पाळणाऱ्या जोडप्यांविषयी कडक बोलले, तेव्हा जगभर चर्चा झाली. ते त्या दिवशी बोलत होते संत योसेफांविषयी, येशूच्या पालकपित्याविषयी, आणि मुले दत्तक घेण्याविषयी. वृत्तपत्रांनी तेवढी मांजरे उचलली.

पण आक्षेप घेणाऱ्यालाही एक प्रश्न विचारावा लागतो. ज्यांनी तो घेतला त्यांच्या घरच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. बँड उत्तम होता. मंडप तर त्याहून उत्तम. औषधाला पैसे नसलेली माणसे तेव्हाही या धर्मग्रामात होती. माणसाचा विचार फक्त शेजारच्या मांजराच्या लसीवेळीच आठवत असेल, तर ती माणसाविषयीची कळकळ नसते. हे आम्ही त्यांना असेच सांगितले. ते आमच्याशी महिनाभर बोलले नाहीत, आता बोलतात.

बाईंना मात्र धर्मशिक्षणातील ते वाक्य एका ठिकाणी खरोखर लागू पडते, आणि ते त्यांनाही माहीत आहे. त्यांची एकुलती एक बहीण नाशिकला असते. तिच्या मुलीच्या लग्नाला २०२३ साली बाई गेल्या नाहीत. 'मांजरांना कोण बघणार?' बहिणीने वर्षभर अबोला धरला. पैशाचे कोणी कितीही बोलो, बाईंचा खर्च त्यांच्या पेन्शनमध्ये बसतो. वेळेचा आणि जवळिकीचा हिशेब बसत नव्हता. पिल्लांच्या त्या तीन आठवड्यांत एका संध्याकाळी हे त्यांनीच काढले. "ट्रे मोजले मी, फादर. बहिणीला कुठे मोजलं?" आम्ही त्यांना धीर देणारे काही बोलणार होतो, पण बोललो नाही. ते खरे होते.

आणखी एक प्रश्न आमच्या आजीच्या पिढीने विचारला असता: मांजर घरात कोंडायचे? आमच्या लहानपणी वसईच्या घरांत मांजर असे, पण ते 'पाळलेले' नसे. भाताच्या कणगीमागे उंदीर होते, म्हणून ते होते. ओहोळावरून, कौलांवरून, मासळीवालीच्या टोपलीपाशी फिरून ते रात्री परत येई, किंवा येत नसे. माणसाशी मांजराचा हा व्यवहार फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला, ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. धान्य साठवू लागलेल्या माणसाकडे मांजर आपल्या कामासाठी आले आणि आपल्या अटींवर राहिले. मग तिसऱ्या मजल्यावरचे जाळीबंद जगणे हा त्याच्यावर अन्याय नाही का?

आम्ही यावर बराच विचार केला. सेमिनरीच्या भिंतीआड बरीच वर्षे काढलेल्या माणसाला हा विषय परका नाही. थॉमसकडून आम्ही एवढे शिकलो की, प्रत्येक जिवाचे भले त्याच्या प्रकृतीवरून ठरते. मांजराला 'स्वातंत्र्य' या कल्पनेची ओढ नसते. त्याला चढायला हवे, लपायला हवे, दबा धरून झडप घालायला हवी, ऊन हवे, आणि मनात येईल तेव्हा एकटे असायला हवे. त्याचा मूळ पूर्वज, आफ्रिकेतील रानमांजर, एकट्याने शिकार करणारा आहे. जुन्या वाडीत हे सारे फुकट मिळत होते. आज त्या वाडीच्या जागी सहा मजली इमारत आणि पुढे डंपरचा रस्ता आहे. बाहेरचे धोके खरे आहेत, आणि बाहेरच्या मांजराचा पक्ष्यांना असलेला धोकाही खरा आहे. पण दार बंद करणाऱ्याने दाराबाहेर जे राहिले ते आत भरून द्यायला हवे. फळ्या, खोके, दोरीला बांधलेले पीस घेऊन रोजचा खेळ, हे लाड म्हणून नव्हे, तर घेतलेल्याची भरपाई म्हणून. आणि ही भरपाई मोजूनच देता येते. सात-आठ जिवांना देता येईल, वीसांना देता येणार नाही. तेव्हा कोंडण्याचा प्रश्न फिरून त्या वहीच्या शेवटच्या पानावरच येतो.

नोव्हेंबरअखेर आमची तीन पिल्ले जवळजवळ दोन महिन्यांची झाली. पहिली लस झाली. निवाऱ्याच्या लोकांनी घरे पाहिली. दोघी बहिणी मीरा रोडला एका कुटुंबात जाणार होत्या, आणि काळा बोका विरारला एका तरुण जोडप्याकडे. इथे आमची खरी परीक्षा झाली. काळा बोका रात्री आमच्या पुस्तकांच्या कपाटावर झोपत असे, आणि प्रवचन लिहायला बसलो की कागदावर येऊन बसे. धर्मगुरूनिवासात एका मांजराला काय कमी, असे मावशी म्हणाल्या, आम्हीही म्हणालो. बाई म्हणाल्या, ठेवा, काही हरकत नाही. पण मग पुढचा खोका येईल तेव्हा तुम्ही फॉस्टर नसाल, मांजरवाले असाल. आधी ठरवा.

मुंबईत जमशेटजी जिजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी १८३४ साली पांजरापोळ स्थापली. त्याच्या दोन वर्षे आधी, १८३२ मध्ये, भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमावरून शहरात दंगल उसळली होती, तो त्यामागचा संदर्भ. पांजरापोळ जनावराला मरेपर्यंत आसरा देते. ती थोर परंपरा आहे आणि तिची गरज संपलेली नाही. फॉस्टरचे काम वेगळे आहे. त्यात जागा रिकामी करणे हाच अर्धा धर्म आहे.

तेव्हा आम्हाला लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी आठवला. त्याच्यावर आजवर आम्ही किती प्रवचने दिली असतील! तो थांबला, त्याने जखमा बांधल्या, हे दर वेळी सांगितले. पुढे त्याने काय केले याकडे आमचे कधी नीट लक्षच गेले नव्हते. त्याने त्या जखमी माणसाला आपल्या घरी नेले नाही. उतारशाळेत नेले, एक रात्र शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती दोन दिनार ठेवले, जास्त लागले तर परतताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेला लागला. कोणी म्हणेल, अर्धवट सोडून गेला. पण त्याने दुसऱ्याला कामात ओढले, त्याची सोय लावली, हिशेब उघडा ठेवला आणि परत येण्याचा शब्द दिला. आणि त्याचे गाढव पुन्हा मोकळे झाले. त्या वाटेवर दरोडेखोर अजून होतेच.

काळा बोका विरारला गेला. त्याला नेणारी मुलगी रिक्षात बसताना पिंजऱ्याशी बोलत होती. आम्ही फाटकापर्यंत गेलो आणि मग आत येऊन त्या दिवशीचे प्रवचन पुरे केले. ते फारसे चांगले झाले नाही. नारळाखालच्या चौथ्याची आठवण मावशी अजून काढतात. तो हिशेब मिटला असे आम्हाला वाटत नाही, आणि मिटवायचा प्रयत्नही आम्ही करत नाही.

आता एक निरोप. बाईंच्या बहिणीचे डोळ्यांचे ऑपरेशन ठरले आहे. येत्या गुरुवारी बाई नाशिकला जात आहेत, सोमवारी परततील. एवढ्या वर्षांत प्रथमच. घराची चावी आमच्याकडे असेल, आणि ती वहीही. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा अशा दोन पाळ्या केल्या आहेत. युवक संघातील चौघांनी नावे दिली आहेत, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे तक्रार करणाऱ्या एका कुटुंबातील मुलीनेही. ट्रे कसे साफ करायचे ते बाई बुधवारी मिस्सेनंतर दाखवतील. न्हाणीघराचे दार उघडायचे नाही. दारातून आत जाताना पाय आडवा ठेवायचा. बोंबीलच्या डोळ्यात सकाळी एक थेंब घालायचा आहे, आणि वहीत बाईंनी लाल शाईने लिहिले आहे की त्याला धरायला दोन माणसे लागतात. शनिवार सकाळच्या पाळीला अजून एकच नाव आहे.